कापडी पट्टीत स्पीकर बसवायचा आहे: वाहक धाग्याची कॉइल टिकत का नाही?

प्रश्न – सुईदोरा

नमस्कार. माझ्या आईच्या कानांना वारंवार जंतुसंसर्ग होत असल्यामुळे कानाच्या आत काहीही घालायचे नाही, असे डॉक्टरांनी तिला बजावले आहे. डोक्यावरून जाणारे हेडफोन कुशीवर झोपल्यावर टोचतात, आणि तिची ऐकण्याची वेळ नेमकी तीच आहे: रात्री दिवा मालवल्यावर ध्वनिमुद्रित पुस्तकाचे एखादे प्रकरण ऐकत ऐकत तिला झोप लागते. इतरांची झोपमोड होते म्हणून साधा स्पीकरही लावता येत नाही. तेव्हा कपाळावरून दोन्ही कानांवर येईल अशी मऊ कापडी पट्टी शिवावी आणि तिच्यातच आवाजाची सोय करावी, असे मी ठरवले. शिवण आणि भरतकाम माझ्या हातचे आहे. इलेक्ट्रॉनिक्स मात्र गेल्या वर्षभरात वाचून आणि करून शिकते आहे.

पहिल्या प्रयत्नात मी स्पीकर विकत न आणता तो कापडावरच भरायचे ठरवले. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या विद्युतवाहक धाग्याने सुती कापडावर सपाट वेटोळे (कॉइल) भरले. त्याचे १४ वेढे झाले, बाहेरचा व्यास सुमारे ६ सेंटीमीटर आला आणि मल्टिमीटरवर रोध (विजेला होणारा अडथळा) ९० ओहम भरला. मागे १२ मिलिमीटर व्यासाची निओडिमियम चुंबकाची चकती ठेवली आणि पीएएम८४०३ ही चिप असलेला ५ व्होल्टचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर ब्लूटूथ रिसीव्हरला जोडला. कापड भरतकामाच्या रिंगमध्ये ताणलेले होते तोवर आवाज बारीक पण स्वच्छ होता. कान टेकवल्यावर शब्द न् शब्द कळत होता. तेच कापड रिंगमधून काढून पट्टीत शिवले आणि आवाज जवळजवळ नाहीसा झाला. कानापासून चार बोटांवर तर काहीच ऐकू येईना. पुढे हाताने तीन वेळा धुतल्यावर रोध ९० वरून १३० वर, मग ४०० ओहमवर गेला आणि तिसऱ्या धुण्यानंतर मंडल तुटलेलेच दाखवू लागले. धागाही काळवंडला आहे.

माझ्या हातून नेमके काय चुकते आहे? वेढे वाढवावेत, चुंबक मोठा घ्यावा, की भरलेल्या स्पीकरचा नाद सोडून तयार चपटा स्पीकर आत शिवावा? आणि काहीही केले तरी ही पट्टी धुता यायलाच हवी, कारण ती रोज रात्री त्वचेला लागून राहणार आहे.

उत्तर – मंद्रसप्तक

रिंगमधल्या आणि रिंगबाहेरच्या आवाजाचे तुमचे निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण अर्धे उत्तर त्यातच आहे. ताणलेले कापड पडद्यासारखे वागते: कॉइलवर बल आले की सबंध पृष्ठभाग एकसंध हलतो आणि समोरची हवा ढकलतो. ताण गेला की कॉइल हलत राहते, पण भोवतीचे कापड नुसते दुमडते आणि हवा कडेने निसटते. पान ढिले पडलेला डफ घुमत नाही, त्यातलाच हा प्रकार. कापडाला ताण देणारी चौकट पट्टीत बसवली तर आवाज परत येईल, पण मग पट्टी मऊ राहणार नाही, आणि तुम्हाला मऊपणाच हवा आहे.

उघड्या सपाट पडद्याची आणखी एक मूळची अडचण आहे. तो पुढे सरकतो तेव्हा समोर दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे घटतो; ज्या ध्वनीची तरंगलांबी पडद्याच्या आकाराहून पुष्कळ मोठी असते, त्याच्या बाबतीत हे दोन दाब कडेवरून वळून एकमेकांना नाहीसे करतात. १०० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतली तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते, त्यामुळे ६ सेंटीमीटरच्या कापडाकडून खर्जाची अपेक्षा धरता येत नाही. तुम्हाला त्याची फारशी गरजही नाही. जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेत असे आणि तेवढ्यावर माणसे ओळखीचा आवाज ओळखत असत. वाचनाचा आवाज हे तुमचे उद्दिष्ट असल्यामुळे तुमचे काम संगीतप्रेमी माणसाच्या कामापेक्षा बरेच सोपे आहे.

आता विजेचा हिशेब पाहू. तुमच्या वेटोळ्यात साधारण दीड मीटर धागा गेला असणार. ५ व्होल्टवर तो अ‍ॅम्प्लिफायर जास्तीत जास्त साडेतीन व्होल्टच्या आसपास परिणामी (आरएमएस) विद्युतदाब देऊ शकतो. तो ९० ओहममधून सुमारे ३९ मिलिअँपिअर प्रवाह पाठवतो. कॉइलवरचे बल प्रवाहाच्या प्रमाणात असते, म्हणून आवाज बारीक. ०.१ मिलिमीटर जाडीच्या, लाखेचा लेप असलेल्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे २.२ ओहम असतो. तीच कॉइल त्या तारेने भरलीत तर रोध ३ ओहमच्या थोडा वर भरेल, आणि हे त्या चिपला झेपणाऱ्या ४ ओहमपेक्षाही कमी आहे. वेढे थोडे वाढवून तो ४ च्या वर नेला तर प्रवाह वीसपटीहून जास्त होईल खरा. पण इतका प्रवाह इतक्या बारीक तारेतून सतत गेला तर ती चांगलीच तापेल, आणि झोपलेल्या माणसाच्या कानाशी तापणारी तार ठेवायला माझा स्पष्ट विरोध आहे.

वेढे वाढवून फारसा उपयोग होणार नाही, याचे कारण चुंबकात आहे. कॉइलला उपयोगी पडणारे क्षेत्र चकतीच्या काठाजवळ दाट असते आणि बाहेर जाल तसे झपाट्याने विरळ होते. तुमचा चुंबक १२ मिलिमीटरचा आणि कॉइल ६० मिलिमीटरची आहे, म्हणजे बाहेरचे वेढे रोध वाढवतात, बल मात्र जवळपास काहीच देत नाहीत. नेहमीच्या स्पीकरमध्ये कॉइल चुंबकाच्या दोन ध्रुवांमधल्या अरुंद फटीत बसवलेली असते, ती याचसाठी. कापडावरच्या सपाट कॉइलला ती फट कधीच मिळत नाही.

तेव्हा आईसाठीच्या पट्टीत ४० मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा, काही मिलिमीटर जाडीचा आणि ३२ ओहमचा तयार स्पीकर वापरा, असा माझा सल्ला आहे. कानाजवळ त्याला काही मिलिवॉट पुरतात. ३ वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरची गरजच उरत नाही आणि ब्लूटूथ रिसीव्हरच्या हेडफोनच्या जोडणीवर तो थेट चालतो. तो कानाच्या भोकासमोर नेमका बसेल याची मात्र नीट काळजी घ्या. लहान स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनिपातळी साधारण ६ डेसिबलने उतरते, त्यामुळे पट्टी दोन सेंटीमीटर वर सरकली तरी फरक लगेच जाणवतो.

एक गोष्ट आजच तपासा. पीएएम८४०३ च्या निर्गम (आउटपुट) जोडण्यांपैकी एकही ग्राउंडला जोडलेली नसते. दोन्ही टोकांचा विद्युतदाब उलटसुलट हलत असतो. तार वाचवण्यासाठी डाव्या-उजव्या बाजूंच्या ऋण तारा तुम्ही एकत्र केल्या असतील तर त्या सोडवा, नाहीतर चिप जळू शकते.

उत्तर – उरेब

विजेचे मंद्रसप्तक यांनी सांगितले आहे, मी शिवणीचे सांगते. उपकरणे बसवलेल्या कपड्यांचे नमुने मी शिवून देत असते, आणि निकामी होऊन परत आलेले नमुने उसवून पाहणे हा माझा नेहमीचा अभ्यास आहे. तुमचा धागा कुठे तुटला ते भिंगाखाली पाहा. तो वेटोळ्याच्या मधोमध तुटलेला नसावा. जिथे मऊ कापड संपून कडक सर्किट बोर्ड किंवा डाक (सोल्डर) सुरू होतो, तिथेच तुटलेला सापडेल असा माझा अंदाज आहे. कापड वाकते, बोर्ड वाकत नाही, आणि सगळी वाकण त्या एका रेषेवर गोळा होते. काहीशे वेळा वाकल्यावर तांबे तुटते आणि चांदीच्या मुलाम्याला भेगा पडतात. तुमचा रोध ९० वरून ४०० पर्यंत टप्प्याटप्प्याने चढला, याचा अर्थ मुलामा थोडा थोडा निघत गेला आणि शेवटी उरलेला दुवा तुटला.

यावर उपाय असा की ही सीमा एका रेषेवर ठेवायची नाही. बोर्डाखाली त्याच्यापेक्षा बोटभर मोठा बकरमचा तुकडा घ्या, त्याच्या कडा गोल कापा, आणि त्याखाली आणखी मोठा, पातळ अस्तराचा तुकडा लावा. असे केले की कडकपणा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो आणि वाकण पसरते. तार कापडाला जागोजागी टाचून टाकू नका. पट्टीच्या वरच्या कडेला नेफा शिवा आणि तार त्यातून सैल, लाटेसारखी सोडा. पट्टी डोक्यावर चढवताना ताणली जाईल तेव्हा ती लाट सरळ होईल आणि ओढ जोडावर येणार नाही. पट्टी ताणणाऱ्या विणीच्या कापडाची करणार असाल तर सरळ धावदोरा घालू नका, तो पहिल्याच ओढीला तुटेल; नागमोडी टाका घाला. ताणणारे कापड नको असेल तर उरेब कापलेले सुती कापडही पुरेसे सैलावते.

तारेसाठी मी तुम्हाला एक जुनी वस्तू सुचवते. खराब झालेल्या हेडफोनची वायर सोलून पाहा. काही वायरींच्या आत साधी तार नसते. बारीक धाग्याभोवती तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली असते. तिला टिन्सेल वायर म्हणतात. रेशमावर धातूची पट्टी गुंडाळून जरीचा धागा बनवतात, त्याच घडणीची ही तार आहे, आणि धातू स्वतः ताण घेत नसल्यामुळे ती हजारो वेळा वाकते. तिच्यावर बहुधा रंगीत लाखेचा लेप असतो. डाक देण्याआधी टोकाचा तेवढा लेप जाळून किंवा खरवडून काढावा लागतो. हे न केल्याने डाक वरवर बसल्यासारखा दिसतो आणि आवाज येतच नाही. चांदीच्या धाग्याला तर डाक देऊच नये, आतले नायलॉन वितळते.

धुण्याचा प्रश्न मी कधीही जलरोधक लेपाने सोडवत नाही. आयपी६७ असा दर्जा वाचून अनेकांना धीर येतो, पण ती चाचणी स्वच्छ पाण्यात, १ मीटरपर्यंत खोल, ३० मिनिटे ठेवण्याची असते. साबण, चोळणे आणि पिळणे हे तिच्यात नसते. त्याऐवजी धुण्यापूर्वी सगळे उपकरण बाहेर काढता येईल अशी पट्टी शिवा. आत एक पातळ जाळीची पिशवी, तिच्यात दोन्ही स्पीकर, नेफ्याची तार आणि बोर्ड असा एकच सलग संच ठेवा आणि मागच्या बाजूने वेल्क्रोने बंद होणारी फट द्या. बाहेरची पट्टी रोज धुतली तरी चालेल. एखादी विद्युत जोडणी कापडावर ठेवावीच लागली तर धातूची टिचबटणे वापरा, मात्र दोन टोकांसाठी दोन वेगळ्या मापांची घ्या, म्हणजे अंधारातही उलटी जोडणी होणार नाही.

तुमचा धागा काळवंडला तो घामामुळे आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. तेवढ्याने तो लगेच निकामी होत नाही. विरंजक असलेल्या साबणाने मात्र चांदी फार लवकर जाते. पुढे हा धागा मशीनवर वापरलात तर तो बॉबिनमध्ये भरा आणि वर साधा दोरा ठेवा, कारण सुईच्या नेढ्यातून शेकडो वेळा घासून त्याचा मुलामा शिवतानाच खरवडला जातो.

सुईदोरा

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही ऋण तारा मी खरोखरच एकत्र जोडल्या होत्या. त्या आज सोडवल्या. भिंगाखाली पाहिल्यावर धागा बोर्डाच्या कडेलाच तुटलेला दिसला, वेटोळे जवळपास शाबूत आहे. तयार स्पीकर घालून एक कच्ची पट्टी शिवली आणि आवाज भरपूर आला. पण एक नवी अडचण दिसते आहे. उबेसाठी मी आतून दाट फ्लीस लावले होते. आईला आवाज मोठा ऐकू येतो, तरी "शब्द पुसट वाटतात" असे ती म्हणते. मी "शाल" म्हटल्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले तर तिने "साल" सांगितले, आणि "पाच" व "पास" यांतला फरकही तिला ठरवता आला नाही. आवाज आणखी वाढवून काही उपयोग होईल का?

उत्तर – श्रवणमित्र

आवाज वाढवू नका. तुमची अडचण पातळीची नाही, स्पष्टतेची आहे. मी श्रवणचिकित्सेच्या क्षेत्रात काम करते आणि ही तक्रार मी वारंवार ऐकते. वयानुसार ऐकणे कमी होते तेव्हा बहुधा आधी वरच्या वारंवारता जातात. स्वरांची ताकद खालच्या पट्ट्यात असते, त्यामुळे "कोणीतरी बोलते आहे" हे नीट कळते. पण स, श, च, फ, थ यांना वेगळेपण देणारा घर्षणाचा आणि फुंकरीचा भाग बराचसा वरच्या पट्ट्यात असतो. त्यावर तुम्ही फ्लीसचा थर घातला आहे. जाड, केसाळ कापड नेमका तोच वरचा पट्टा शोषून घेते. आईच्या कानांना जे आधीच कमी मिळते आहे, तेच कापड आणखी काढून घेत आहे.

स्पीकरच्या समोर कोणते कापड चालेल, हे ठरवायला उपकरण लागत नाही. कापड ओठांवर धरून फुंकर मारा आणि पलीकडे तळहात ठेवा. फुंकर सहज पलीकडे पोचली तर ध्वनीही बहुतांशी पोचेल. अडली तर ध्वनीही अडेल. स्पीकरच्या डब्यांवरचे कापड विरळ विणीचे असते ते याच कारणाने. फ्लीस ठेवायचे असेल तर कानासमोर स्पीकरएवढे गोल भोक कापा, त्यावर फुंकर पार होणारी जाळी लावा आणि कडेने ते शिवून घ्या. फोनमधल्या इक्वलायझरवर २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग थोडा उचलून पाहा आणि २०० हर्ट्झच्या खालचा भाग उतरवा. बहुतेक वेळा एवढ्याने एकूण पातळी कमी करता येते आणि शब्द मात्र अधिक कळतात.

पातळीविषयी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या एच.८७० या मानकात प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीला आठवड्याला ४० तास, तर लहान मुलांसाठी ७५ डेसिबलला तेवढेच तास अशी मर्यादा धरलेली आहे. शांत खोलीत वाचन ऐकायला इतका आवाज मुळीच लागत नाही. तरीही झोप लागल्यावर रात्रभर आवाज सुरू राहू नये म्हणून अर्ध्या तासाने आपोआप बंद होण्याची सोय जरूर लावा. कुशीवर झोपल्यावर उशीकडचा स्पीकर कानावर दाबला जातो आणि त्या बाजूचा आवाज अचानक वाढतो, हेही लक्षात ठेवून पातळी आई आडवी असताना ठरवा, बसलेली असताना नव्हे.

तुमच्या आईच्या बाबतीत मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट ओल ही आहे. कानाच्या बाहेरच्या नळीचा संसर्ग उबेत आणि ओलाव्यात बळावतो, त्यामुळे कान रात्रभर दाट कापडाखाली झाकून ठेवणारी पट्टी कानात काही घातले नाही तरी त्रासाची ठरू शकते. पट्टी डॉक्टरांना दाखवा. कानाभोवती हवा खेळेल इतकी मोकळी ठेवा, आणि बाहेरची पट्टी रोज बदलता येईल अशा दोन-तीन शिवून ठेवा. तसेच आईला, किंवा तिच्या जवळ झोपणाऱ्या कुणालाही पेसमेकर बसवलेला असेल तर चुंबक असलेली वस्तू त्यापासून किमान १५ सेंटीमीटर दूर राहिली पाहिजे. पट्टी रात्री घसरून छातीवर येऊ शकते, म्हणून हे आधीच विचारात घ्यावे. सुटे निओडिमियम चुंबक घरातल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या पदरांतून एकमेकांना चिकटतात आणि आतडे फाटू शकते. बॅटरी चार्ज होत असताना पट्टी डोक्यावर असता कामा नये, आणि गळ्याभोवती जाईल अशी कोणतीही तार बाहेर लोंबू देऊ नका.

उत्तर – ताणाबाणा

सुईदोरा यांनी मूळ प्रश्नात भरलेल्या स्पीकरचा उल्लेख केला होता. तयार स्पीकर वापरण्याचा सल्ला या कामासाठी योग्यच आहे, पण त्यावरून कापडाने ध्वनीचे काम करणे अशक्य आहे असा समज होऊ नये, म्हणून थोडे लिहितो.

स्पीकरच्या पोटात कापड पूर्वीपासून आहेच. शंकूला मध्यावर धरून ठेवणारी घडीघडीची चकती राळेत भिजवून घट्ट केलेल्या कापडाची असते, आणि अनेक ट्वीटरचा (उंच स्वरांसाठीच्या छोट्या स्पीकरचा) घुमट रेशमाचा असतो. कपड्यात वाद्य आणण्याचे प्रयत्नही जुने आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथील मीडिया लॅबमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेनिमच्या जाकिटावर वाहक धाग्याने कळफलक भरून त्याला सिंथेसायझर जोडला होता. २०१७ साली गुगल आणि लिव्हाइस यांनी बाजारात आणलेल्या जॅकार्ड जाकिटाच्या बाहीच्या कफमध्ये वाहक धागे विणलेले होते. कफवर बोट फिरवले की फोनवरचे गाणे बदलत असे. त्याचा इलेक्ट्रॉनिक तुकडा धुण्यापूर्वी काढावा लागत असे, आणि तरीही जाकीट १० धुण्यांपुरतेच असल्याचे सांगितले गेले होते. इतक्या मोठ्या कंपन्यांनाही धुण्याची अडचण पूर्णपणे सुटली नव्हती, तेव्हा तुमच्या तीन धुण्यांचे वाईट वाटून घेऊ नका.

चुंबकाशिवायचा मार्ग पिझोविद्युत पदार्थांचा आहे: दाब दिला की वीज देणारे आणि वीज दिली की हलणारे पदार्थ. एमआयटीतच योएल फिंक यांच्या गटाने २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात असा धागा मांडला की जो कापडात विणला की सबंध कापड कानाच्या पडद्यासारखे कंप पावते आणि तो कंप विजेत उतरवते. त्या कापडाच्या सदऱ्याने हृदयाचे ठोके टिपले, आणि टाळी कोणत्या दिशेने वाजली हेही त्याने ओळखले. हाच धागा उलट चालवला तर कापड स्पीकर बनते. त्याच वर्षी तिथल्याच दुसऱ्या गटाने पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या ८ मायक्रोमीटर जाडीच्या पापुद्र्यावर बारीक बारीक घुमट उठवून कागदासारखा स्पीकर केला. घुमटांमुळे पापुद्र्याचा प्रत्येक ठिपका मोकळा हलतो, त्यामुळे तो भिंतीला चिकटवला तरी वाजतो. पडद्याला नीट हलता न येणे, हीच अडचण तुमच्या ढिल्या कापडाला आली होती. मात्र २५ व्होल्ट दिल्यावर ३० सेंटीमीटरवर १ किलोहर्ट्झला ६६ डेसिबल आणि १० किलोहर्ट्झला ८६ डेसिबल, असे त्याचे आकडे आहेत. त्यावरून विद्युतदाब किती लागतो आणि आवाज वरच्या पट्ट्याकडे किती झुकतो, हे दिसते. हे सारे प्रयोगशाळेतले काम आहे.

तुमच्या वाहक धाग्याला मात्र या पट्टीत खरे काम आहे, आणि ते स्पर्शाच्या बटणाचे. स्पर्शसंवेदी चिपला धाग्यातून अगदी नगण्य प्रवाह लागतो, त्यामुळे ९० ओहमचे ४०० झाले तरी तिला काही फरक पडत नाही. वाचन थांबवण्यासाठी आणि सुरू करण्यासाठी पट्टीवर फुगीर टाक्यात एक लहान फूल भरा. अंधारात बोटांना ते शोधता येईल, आणि तुमच्या हातची कला आईच्या रोजच्या वापरात राहील.

उत्तर – उरेब

ताणाबाणा यांच्या सूचनेत एक भर घालते. स्पर्शाचे बटण उशीला टेकणाऱ्या बाजूवर आले तर प्रत्येक कूस बदलताना वाचन थांबेल, कारण कानशिलाचा स्पर्शही त्या चिपला बोटासारखाच वाटतो. फूल कपाळाच्या मधोमध भरा, त्याखाली अस्तराचे दोन थर द्या म्हणजे कपाळाची त्वचा धाग्यापासून लांब राहील, आणि दोन सेकंद बोट ठेवल्यावरच ते काम करेल अशी सोय करा.

सुईदोरा

सर्वांच्या सल्ल्याने शिवलेल्या नव्या पट्टीबद्दल सांगते. फ्लीस काढून टाकले. बाहेरून मऊ सुती विणीचे कापड, आत जाळीची पिशवी, कानासमोर सव्वा इंचाचे भोक आणि त्यावर विरळ जाळी. माझ्याकडच्या सहा कापडांपैकी फुंकरीच्या परीक्षेत दोनच उतरली, आणि हाताला सगळ्यांत तलम लागणारे साटीन त्यांत नव्हते. वायर हेडफोनची जुनी टिन्सेलच वापरली. पहिल्यांदा लेप नीट न जाळल्यामुळे डावी बाजू मुकी राहिली होती, ती दुसऱ्या खेपेला बोलू लागली. डॉक्टरांनी पट्टी पाहून कानाची पाळी मोकळी राहील इतके कापड खालून कापायला सांगितले, तसे केले. शब्दांची परीक्षा पुन्हा घेतली: आवाज पूर्वीपेक्षा दोन पायऱ्या खाली ठेवूनही "शाल", "साल", "पाच", "पास" हे चारही तिने बरोबर सांगितले. कपाळावर चांदीच्या धाग्याचे पाच पाकळ्यांचे फूल भरले आहे. पहिल्या रात्री तिला ते बोटांनी लगेच सापडले, आणि सकाळी "काल पुस्तक कुठे थांबवले ते मला आठवते आहे" असे तिने मला सांगितले.

एकच तक्रार उरली आहे. ती उजव्या कुशीवर वळली की आवाज मधूनमधून तुटतो. डाव्या कुशीवर असे होत नाही. बोर्ड उजव्या कानामागे आहे आणि फोन डाव्या बाजूच्या टेबलावर असतो.

उत्तर – मंद्रसप्तक

तुमच्या वर्णनातच कारण आले आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि शरीरातले पाणी त्या लहरी चांगल्याच शोषते. उजव्या कुशीवर वळल्यावर बोर्ड आणि फोन यांच्या मध्ये संपूर्ण डोके येते. बोर्ड कपाळाच्या वरच्या कडेला, फुलापासून दूर हलवा. अँटेना म्हणजे बोर्डाच्या टोकाची नागमोडी तांब्याची रेघ. ती त्वचेकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूला येऊ द्या, आणि तिच्यापासून निदान दोन बोटांच्या अंतरात चांदीचा धागा किंवा नेफ्यातली तार असू नये, कारण जवळचा धातू अँटेनाचा सूर बिघडवतो. जागा बदलायची नसेल तर तूर्त फोन उशीच्या डोक्याकडच्या बाजूला, मधोमध ठेवून पाहा.